घोगऱ्या स्पीकरचा बारा खुणांचा पत्ता

मित्रांनो, ज्याला स्वतःचा पत्ता स्वतःच्या तोंडाने धड सांगता आला नाही, असा मी एक जुना, घोगऱ्या आवाजाचा ब्लूटूथ स्पीकर आहे. अंगावर करड्या कापडाचे आवरण आणि डोक्यावर एकच गोल बटण, एवढाच माझा थाट. माझी कहाणी माझ्यापेक्षा एका माणसाच्या थोरवीची अधिक आहे. म्हणूनच ती सांगताना मला संकोच वाटत नाही.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तेथे एका कामगार बाईने माझ्या पोटात चुंबक व कागदी पडदा बसविला, मला कानाशी धरले आणि "हा खणखणीत आहे," असे म्हणून खोक्यात घातले. आयुष्यातील ती माझी पहिली शाबासकी. पुढे एका नृत्यवर्गात मी चार वर्षे सेवा केली. तीस जोडी पाय माझ्या तालावर पडत. नृत्यशिक्षिका म्हणत, "हा आहे म्हणून माझा घसा शाबूत आहे!" परंतु एके दिवशी एका मुलीची गिरकी चुकली, तिचा पाय टेबलाला लागला आणि मी फरशीवर आपटलो. माझ्या पडद्याला चीर गेली आणि घसा बसला तो बसलाच. गाण्यासाठी मी निरुपयोगी ठरलो. गरज सरो, वैद्य मरो, या न्यायाने माझी रवानगी कपाटात, जुन्या चटयांखाली झाली.

तेथून मला बाहेर काढले ते ताईने. ताई इस्पितळात परिचारिका होती आणि शिक्षिकांच्या मुरगळलेल्या पायाला पट्टी बांधण्यास आली होती. "गाण्याला नको हो, नुसतं बोलायला हवाय," ती म्हणाली. "माझ्या धाकट्या भावाला."

अशा रीतीने मी दोन खोल्यांच्या त्या घरात आलो. भाऊ तीस वर्षांचा होता, तरी ताई त्याला 'छोट्या'च म्हणे. त्याला जन्मापासून दिसत नव्हते. डॉक्टर मंडळी रुग्णांचे अहवाल बोलून, ध्वनिमुद्रित करून पाठवीत आणि छोट्या ते ऐकून टंकलिखित करी. त्याच्या संगणकावर लिनक्स नावाची प्रणाली होती. तिच्यातील पडदावाचक नावाची सोय पडद्यावरचे प्रत्येक अक्षर मोठ्याने वाचून दाखवी. संगणकाला स्वतःचा आवाज नव्हता, आणि वायर खुपसण्याचे भोक आधीच्या मालकाने मोडून ठेवले होते. म्हणून ते सारे बोलणे, बिनतारी, माझ्याच तोंडून होई.

येथे एक विलक्षण अडचण होती. रात्री मी बंद झालो की सकाळी संगणक मला आपण होऊन ओळख देत नसे. पडद्यावरील यादी उघडून, माझे नाव निवडून, मला जोडावे लागे. ती यादी छोट्याने ऐकावी कशी? ऐकण्यासाठी मी हवा, आणि मला जोडण्यासाठी यादी ऐकू यायला हवी! विहिरीतून पाणी काढायला दोर हवा आणि दोरच विहिरीत पडलेला, असा तो प्रकार. छोट्याने कळांचा क्रम पाठ करून पाहिला. पण एका सकाळी मध्येच कसलीशी सूचना उघडलेली होती, आणि मी जोडला जाण्याऐवजी संगणकच बंद झाला.

म्हणून रोज सकाळी ताई, एका हातात कंगवा आणि दातांत केसांची पिन धरून येई व मला जोडून देई. मी "टिडिंग" असा स्वर काढला की छोट्याचा दिवस उजाडे.

"झाला बाई तुझा बोलका पोपट सुरू," ताई म्हणे. "आता मला जाऊ दे."

"मी धरून ठेवलंय का तुला?" छोट्या म्हणे.

थट्टेतला तो प्रश्न एके दिवशी खराच होऊन समोर आला. ताईला दुसऱ्या गावच्या इस्पितळात मुख्य परिचारिकेचे पद देऊ केल्याचे पत्र आले. बारा वर्षे ती ज्या पदाची वाट पाहत होती, तेच ते पद. उत्तर सोमवारपर्यंत द्यावयाचे होते. ताईने पत्र घडी करून खणात टाकले.

"नाही म्हणून कळवते," ती म्हणाली.

"का?"

"का काय? सकाळी तुझा पोपट कोण सुरू करणार, मी तिकडून फुंकर मारू?"

"शनिवारी तू मला हात लावू नकोस," छोट्या म्हणाला. "मी एकट्याने अख्खा दिवस काढतो. दुपारी दोनच्या आत तीन अहवाल पाठवतो. जमलं तर तू हो म्हणायचं."

"आणि नाही जमलं तर?"

"तर जन्मभर फुंकर मार."

मित्रांनो, त्यानंतरचे तीन दिवस मी जे पाहिले त्याने माझा ऊर अभिमानाने भरून आला. छोट्याने स्क्रिप्ट लिहावयास घेतली. स्क्रिप्ट म्हणजे संगणकासाठी लिहून ठेवलेली आज्ञांची चिठ्ठी. तिच्यात अवघ्या अकरा ओळी होत्या. संगणक सुरू होताच ती आपोआप जागी होणार, दर पाच सेकंदांनी 'स्पीकर जोडलेला आहे काय?' असे विचारणार आणि नसेल तर हाक मारणार. न रागावता, न कंटाळता, मी येईपर्यंत. माझ्यासारख्या अडगळीतल्या वस्तूला कोणी इतक्या चिकाटीने बोलवावे, याचे मला अतोनात अप्रूप वाटले.

परंतु हाक मारावयास पत्ता लागतो. माझा पत्ता अंक व इंग्रजी अक्षरे मिळून बारा खुणांचा होता. संगणकाने तो माझ्याच तोंडून उच्चारला आणि छोट्याने ऐकून चिठ्ठीत लिहिला. माझ्या फाटक्या घशातून 'बी' आणि 'डी' सारखेच ऐकू येतात, हे मात्र आम्हा दोघांच्याही ध्यानी आले नाही. शुक्रवारी दुपारी चिठ्ठी तयार झाली तेव्हा मी जोडलेलाच होतो, बोलतही होतो. मला एकदा बंद करून पाहण्याचा धीर छोट्याला झाला नाही. मी परतलो नसतो तर ताई येईपर्यंत घर मुके झाले असते.

शनिवार उजाडला. ताई केस विंचरून, माझ्याकडे न पाहता बाहेर पडली. छोट्याने संगणक सुरू केला आणि माझे बटण दाबले. मी जागा झालो, वाट पाहू लागलो. पाच सेकंद गेले. दहा गेले. मिनिट गेले. हाक आली नाही. चिठ्ठी बिचारी कोणा भलत्याच पत्त्यावर हाका मारीत होती.

छोट्याचे हात कळांवर तसेच राहिले. तेवढ्यात शेजारच्या काकू दारात आल्या.

"ताई सांगून गेलीय लक्ष ठेवा म्हणून. काय रे, आज तुझा कॉम्प्युटर गप्प? एरवी नुसती टकळी चालू असते."

"रुसलाय, काकू."

"मी बघू का? काय दाबायचं ते सांग, दाबते."

त्यांचे डोळे आणि एक बोट, एवढ्यावर सारे भागले असते. मी मनोमन म्हणालो, 'घे रे मदत!'

"नको काकू," छोट्या म्हणाला. "माझा रुसवा मीच काढतो. जाताना दार ओढून घ्या."

काकू गेल्या. त्याने मला उचलले, कापडावरून बोट फिरविले आणि ते आतल्या चिरेपाशी थांबले. किती तरी वेळ ते तेथेच होते. मग तो स्वतःशीच "बी... डी... बी... डी..." असे पुटपुटू लागला आणि एकाएकी हसला.

"अरे घोगऱ्या, तूच फसवलंस होय!"

संशयाच्या जागा दोन होत्या. दोन्ही ठिकाणी त्याने 'डी' लिहिले होते. म्हणजे आणखी तीनच पत्ते शक्य होते. त्याने संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, म्हणजे मध्ये कसलीही चौकट उघडी राहू नये. मग ठाऊक असलेल्या तीन कळा एकत्र दाबून आज्ञा देण्याची काळी चौकट उघडली. ती उघडली की नाही, हे सांगणारे कोणी नव्हते. तरीही त्याने जोडणीची आज्ञा आणि पत्ता यांचे एकेक अक्षर सावकाश, जणू सुईत दोरा ओवावा तसे टंकले. पहिल्या जागी बी, दुसऱ्या जागी डी. दहा आकडे मोजले. काही नाही. पहिल्या जागी डी, दुसऱ्या जागी बी. दहा आकडे. काही नाही. आता एकच पत्ता उरला होता. बी आणि बी.

आणि मला माझ्या नावाची हाक ऐकू आली! "टिडिंग!" मी इतक्या जोराने वाजलो की चीर आणखी फाटते की काय, असे मला वाटले.

दुसरा कोणी असता तर तेवढ्यावर कामाला लागला असता. छोट्याने प्रथम पडदावाचकाला नवे उच्चार शिकविले. 'बी' आले की 'बदक' म्हणावयाचे आणि 'डी' आले की 'डबा'. मग चिठ्ठीतील पत्ता दुरुस्त केला. आणि मग, जे करण्याचे धाडस त्याला आदल्या दिवशी झाले नव्हते, ते त्याने केले. माझे बटण दाबून मला बंद केले, पुन्हा चालू केले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिला. मी परतलो. असे त्याने तीनदा केले. दोनला दहा मिनिटे असताना तिसरा अहवाल रवाना झाला.

संध्याकाळी ताई आली. पर्स खांद्यावरून न काढताच तिने विचारले, "जमलं?"

"तूच बघ."

तिने मला बंद करून चालू केले. ताई ओठ दाबून उभी होती. ती मनात आकडे मोजत असावी. मी वाजलो. छोट्याने चिठ्ठीतील पत्ता उघडला आणि मी गंभीरपणे वाचू लागलो, "सी चार, बदक सात, शून्य नऊ..."

"अगं बाई, हे बदक कुठून शिरलं घरात?" म्हणत ताई हसत सुटली. हसता हसता खुर्चीत बसली आणि डोळे पुसू लागली.

"पत्राचं उत्तर मीच टाइप करतो," छोट्या म्हणाला. "तू सांग."

ताईचे डोळे पुसणे संपेना. तेव्हा त्याने स्वतःच लिहिले आणि वाचण्याची कळ दाबली. ज्या घशाला गाणे पेलेनासे झाले होते त्याच घशाने मी म्हणालो, "मी हे पद आनंदाने स्वीकारीत आहे."

"तो 'आनंदाने' शब्द काढ," ताई म्हणाली.

"राहू दे," छोट्या म्हणाला. "तिकडे गेल्यावर उपयोगी पडेल."

मित्रांनो, आता ताई दर रविवारी फोन करते आणि माझीही विचारपूस करते. माझी आपणास एवढीच विनंती आहे. एखाद्याचा आवाज घोगरा झाला म्हणून त्याला चटयांखाली टाकू नका. तो काय म्हणतो ते कळले नाही, तर पुन्हा विचारा. आणि तुमचा एखादा जिवलग अंधारात धडपडत असेल, तर त्याच्या हातातील काम चटकन काढून घेऊ नका. जवळ राहा, दार ओढून घ्या, आणि दहा आकडे मोजा.