दाराआडच्या रबरी पंपाची पोटदुखी

मित्रांनो, न्हाणीघराच्या दाराआड, खिळ्याला उलटा टांगलेला जो दिसतो, तो जुना रबरी पंप मी. वाटी लाल रबराची, दांडा लाकडाचा आणि स्वभाव मत्सरी. पहिल्या दोन गोष्टी कारखान्यात बसवल्या. तिसरी नंतर आली, ती कशी तेच सांगतो.

कारखान्यात माझ्यासारखे शेकडो भाऊ एकाच दिवशी जन्मले. आम्हां सगळ्यांना एकच विद्या शिकवली. भोकावर बसायचं, दाबलं की दबायचं, ओढलं की उठायचं. एवढ्या शिक्षणावर पुष्कळांची आयुष्यं निघतात.

मला या घरी आणलं ते आजोबांनी. तेव्हा ते आजोबा नव्हते आणि त्यांच्या डोक्यावर केस होते. न्हाणीघरात पाणी तुंबलं की ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर घेत, मला दोन्ही हातांनी धरत, आणि घरची सगळी मंडळी दाराशी जमत. धप्, धप्, धप्! मग आतून गुडगुड आवाज येई आणि पाणी गरगरत खाली जाई. "झालं!" आजोबा आरोळी देत. सगळे त्यांना शाब्बास म्हणत. मला कुणी म्हणत नसे, पण मला धुऊन खिळ्याला लावताना आजोबा माझ्या दांड्यावर एक थाप मारत. ती थाप हाच माझा पगार, आणि तो मला पुरत असे.

दोन वर्षांपूर्वी एकदा जोरात ओढताना माझ्या काठाचा बोटभर टवका उडाला. म्हातारपणी दात पडतो, तसं समजून मी मनाला लावून घेतलं नाही. आजोबांच्या तर ते लक्षातही आलं नाही. उलट त्यानंतर माझी मागणीच वाढली. पूर्वी सहा महिन्यांतून एकदा बोलावणं यायचं. आता महिन्याने येऊ लागलं, मग दर रविवारी. उतारवयात एवढा मान कुणाला मिळतो? मी फुगलो. रबराला फुगणं सोपं जातं.

घोटाभर पाण्यात उभं राहून अंघोळ करणाऱ्या सूनबाईंना मात्र माझा हा मान सोसवेना.

"बाबा, गल्लीच्या टोकाला त्या नळवाल्या मावशी राहतात. त्यांना बोलावू या का?"

"घरात पंप असताना?" आजोबा म्हणाले. "उद्या घास भरवायलाही माणूस बोलाव."

"तुमचा पंप रविवारी पाणी खाली घालवतो, ते बुधवारी परत येतं."

"पाणीच ते. येणारच."

या उत्तराने माझं समाधान झालं. सूनबाईंचं झालं नाही. त्यांनी फोन लावला.

मावशी आल्या. बाह्या वर सारलेल्या, चष्मा कपाळावर, खांद्याला कापडी पिशवी. पिशवीतून पत्र्याचा गोल डबा निघाला आणि डब्यातून ती निघाली. स्प्रिंग! मित्रांनो, खोटं सांगत नाही, वीस हात लांब होती. मी दांड्यासकट दीड हात. जिथे मला आयुष्यात डोकावता आलं नाही, त्या पाइपच्या वाकणावळणांत ती माहेरी आल्यासारखी शिरत होती. आणि मंडळी दाराशी जमली होती. माझी मंडळी! नात तर टाचा उंचावून म्हणाली, "आई गं, केवढी लांब!" माझ्या वाटीचा तिळपापड झाला. मी मनात म्हटलं, अडक बये. तिथेच अडक.

ती अडकली. मला गुदगुल्या झाल्या. "सांगत नव्हतो?" असं म्हणण्यासाठी आजोबांनी घसासुद्धा साफ केला. पण मावशींनी डब्याची मूठ दोनदा उलटी फिरवली, सावकाश ओढलं, आणि बाहेर आला केसांचा काळा गोळा, चांगला उंदराएवढा. त्याच्या पोटात काहीतरी लाल होतं.

मावशींनी ते बोटांनी पुसलं. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं, मग खिळ्याकडे, मग माझ्या काठाकडे, मग शेजारी उभ्या असलेल्या आजोबांकडे. आजोबा छताकडे बघू लागले. पाइपच्या वाकात अडकून दोन वर्षं माझाच टवका जाणारा प्रत्येक केस धरून ठेवत होता. ज्या शत्रूला मी दर रविवारी पाणी पाजत होतो, तो घरचाच निघाला.

"काय अडकलं होतं हो?" सूनबाईंनी दाराबाहेरून विचारलं. मावशींची त्यांच्याकडे पाठ होती.

"केस," मावशी म्हणाल्या आणि रबर गुपचूप पिशवीत टाकलं. "मुख्य म्हणजे केसच."

"मग हा फाटका पंप आता टाकूनच देते."

माझा जीव दांड्यात आला. आजोबा अजून छताकडेच बघत होते. बोलायला तोंड कुठे होतं! मावशींनी मला खिळ्यावरून उतरवलं, पिशवीतून सुरी काढली आणि माझा काठ सगळीकडून सारखा कापला.

"राहू द्या. किरकोळ तुंबलं तर आजोबांना हाताशी असू दे. फक्त पाणी हळू जायला लागलं की बोलवा मला, घोटे बुडायची वाट बघू नका." मग त्यांनी भोकावर एक चिमुकली जाळी बसवली. "आणि हिच्यावरचे केस रोज उचलायचे."

मित्रांनो, जिच्या स्प्रिंगचं वाईट चिंतलं, तिनेच मला जीवदान दिलं. अशा वेळी उपकार मानता येतात, पण मत्सर जात नाही. तो नुसता बिऱ्हाड बदलतो. माझा आता त्या जाळीकडे राहायला गेला आहे. ती करत काहीच नाही. पडून असते, आणि पाणी तुंबत नाही. नात रोज सकाळी तिच्यावरचे केस उचलते आणि वर म्हणते, "गुणाची गं माझी!"

तरी सांगायचं ते सांगतो. जाळी रोज साफ करा. घरातल्या वस्तूचा टवका उडाला, तर तो कुठे गेला ते शोधा. आणि जाणत्या माणसाला वेळेवर बोलवा. त्यात आपल्या हाताची नाचक्की नसते. हे मी मनापासून म्हणतो. निदान तशी सवय करतो आहे.

कारण परवाच नात जाळी धुऊन कट्ट्यावर विसरली. भोक उघडं, आणि पाण्याबरोबर केसांचा एक झुपका डुलत डुलत तिकडे निघालेला. तेवढ्यात आजोबा आले. त्यांनी झुपक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. हात आपसूक पायजम्याकडे गेला.

मग ते वाकले, झुपका उचलला आणि जाळी जागेवर बसवली.

"नको रे," ते मला म्हणाले, जसं काही मीच सुचवलं होतं.

सुचवलं मीच होतं. पण जाता जाता त्यांनी माझ्या दांड्यावर एक थाप मारली. काम न करता मिळालेला हा माझा पहिला पगार.