दुकानदाराची शिफारस

"भाऊ, वाचून बरं वाटतं म्हणालात ना तुम्ही?" सिस्टरनी पिशवीतून पुस्तक काढून काउंटरवर आपटलं. "माझ्या घशाखाली घास उतरेना!"

दुकानदार चष्मा पुसायला लागला. प्रश्न अडचणीचा असला की त्याचं हे ठरलेलं काम.

पुस्तक होतं गटारं साफ करणाऱ्या माणसांच्या लढ्याचं, याच भागातलं. दाराजवळच्या फळीवर तो अशीच पुस्तकं मांडायचा. कुणाच्या वस्तीला पाणी नाकारलं होतं, कुणाला शाळेत वेगळं बसवलं होतं, कोण कसे एकत्र आले. वर पाटी, 'दुकानदाराची शिफारस'. बोळातल्या त्या कोंदट दुकानात लोक वाट वाकडी करून यायचे ते या फळीसाठीच. सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. त्यांच्या वाचनगटाचं पुस्तक त्या कायम इथूनच न्यायच्या, डोळे मिटून.

"शेवट तरी वाचलात का?"

"चाळलं होतं की."

"भाऊ, माझ्याकडे बघून सांगा."

त्यानं बघितलं नाही. उभ्या जन्मात त्यानं एकही पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं. वाचायची ती बायको. जेवणं झाली की हा भांडी घासायचा आणि ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून मोठ्यानं वाचायची. मधेच थांबून विचारायची, "ऐकताय ना?" हा फेसात हात घालून म्हणायचा, "हं." तिला काय वाटलं ते दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला ऐकवायचा, आपलंच मत असल्याच्या थाटात. ती गेल्यापासून जुन्याच शिफारशी फिरवून फिरवून चालल्या होत्या. या खेपेला सिस्टर हटून बसल्या, नवीन काहीतरी द्या. मग त्यानं हाताला आलं ते नवं पुस्तक उचललं आणि तिचं 'वाचून बरं वाटतं' हे ठेवणीतलं वाक्य त्याला चिकटवून दिलं.

"फसवलं मी तुम्हाला," तो म्हणाला. "वाचायची ती ही. मी नाही."

"ते मला कधीचं ठाऊक आहे. तिनंच सांगितलं होतं. म्हणायची, आमच्या ह्यांना पुस्तकाचं वजन तेवढं कळतं."

तो खो खो हसला. मग हसू आवरलं, पण डोळे आवरेनात.

"ठाऊक होतं, तर येत कशाला राहिलात?"

"तुमच्या तोंडून तीच बोलायची, भाऊ. बरं वाटायचं." सिस्टरनी पुस्तक त्याच्याकडे सरकवलं. "या वेळी तिचा आवाज आला नाही."

तिचा तेवढाच आवाज जगात उरला होता आणि तोही आपण घालवला, असं त्याला वाटलं.

"शनिवारी गट बसणार आहे. वाचून या आणि तुम्हाला काय वाटलं ते सांगा. नाहीतर ती पाटी उतरवा," सिस्टर म्हणाल्या आणि गेल्या.

त्यानं पाटी लगेच उतरवली. वाचून झालं की लावीन, असं स्वतःला बजावून ती टेबलाखाली ठेवली आणि पुस्तक घेऊन घरी गेला.

जेवला. एकच ताट, ते घासायला कितीसा वेळ लागणार! मग तिच्या स्टुलावर बसला. मनातल्या मनात वाचायची सवय नव्हती, म्हणून मोठ्यानंच वाचू लागला, पहिलीतल्या पोरासारखा अडखळत. गटारात उतरलेला एक जण वर आलाच नाही. बाकीच्यांनी काम टाकलं, कचेरीच्या फाटकाशी बसून राहिले, बायका तिथेच चुली मांडून बसल्या. अखेर जिंकले. माणसाला खाली उतरवणं बंद झालं. पण नंतर सगळी वस्ती उठवली. घरं मिळाली, पक्की मिळाली, पण एकाचं शहराच्या या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला. शेवटच्या प्रकरणात एक म्हातारी म्हणत होती, 'सगळं मिळालं, बाबा. हाक मारायला कुणी राहिलं नाही.'

तो थांबला. तीसुद्धा नेमकी इथेच थांबली असती.

त्यानं मान वर करून मोरीकडे पाहिलं. एकुलतं एक ताट निथळत होतं.

"हं," तो म्हणाला आणि त्यानं पान उलटलं.