हलरवाल्याचा आवाज

ताराचंदनं घरात पाणी मागितलं, की शेजारच्या मंदाबाईचा हात आपोआप तांब्याकडे जायचा. दवनीवाडा गावात हा विनोद जुना झाला होता आणि ताराचंदही त्यावर हसायचा. हसायचा तेही असं, की ओट्याखाली झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या गल्लीत निघून जायचं.

त्यात त्याचा तरी काय दोष? बत्तीस वर्षं तो गोंदिया रोडवरच्या एका राईस मिलमध्ये हलरवर, धान भरडायच्या यंत्रावर, होता. पट्टे धडधडताहेत, कोंडा उडतोय, अशात माणसानं माणसाशी बोलायचं म्हणजे एक तर बोंब मारायची, नाहीतर हातानं खुणा करायच्या. बारा-बारा तास असं बोलून घरी आलेल्या माणसाच्या गळ्याला दुसरा आवाज ठाऊकच नसतो. काम सुटून आता दोन वर्षं झाली होती. मिल तिथंच राहिली, आवाज तेवढा घरी आला. कान तपासून झाले होते. उजवा थोडा कमी आहे, पण समोरच्याचं बोलणं कळायला काही अडचण नाही, असं डॉक्टरनं स्वच्छ सांगितलं होतं.

म्हणजे खोड कानात नव्हती, तोंडात होती. आणि घरात ते सगळ्यांना माहीत होतं, एक तो सोडून.

सून अल्का सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी गेली, नवेगाव बांधजवळच्या खेड्यात, ती परत येईचना. नात यशू पाच महिन्यांची झाली. आधी थंडीचं कारण निघालं, मग लशीचं, मग अल्काच्या आईच्या गुडघ्याचं. मुलगा संघदीप गोंदियात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होता. तो दर शनिवारी सासुरवाडीला जायचा आणि रविवारी एकटाच परत यायचा. ताराचंदनं नातीला मांडीवर घेतलं होतं ते एकदाच, नाव ठेवायच्या दिवशी. "कोन हाये वो हे?" इतकंच तो लाडानं म्हणाला, आणि पोर जी किंचाळली ती तासभर कुणाकडे राहिना.

एका रविवारी जेवताना त्यानं विचारलं, "सूनबाई काऊन नाई यून राहिली? आपलं घर काय खाते का तिले?"

संघदीपनं घास खाली ठेवला. "बाबा, ते तुमच्या आवाजाले भेते. घरात सकाळपासून कोनीतरी रागावूनच राहिलं असं वाटते म्हन्ते. मी गोंदियात खोली पाहिली. एक तारखेले आमी तिकडंच राहाले जातो."

"मी कवा रागावलो तिच्यावर?" ताराचंद म्हणाला. मंदाबाई आपल्या अंगणातून डोकावून गेली.

त्याला फार लागलं. अल्का त्याची लाडकी होती. तिला डोहाळे लागले तेव्हा गोंदियाच्या बाजारातून शिंगाडे शोधून आणणारा तोच होता. आपली माया त्या पोरीपर्यंत शिवी होऊन पोचत होती, हे त्याच्या गळ्याखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी संघदीप कामावर गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "तुले बी वाटते का, मी रागावतो मनून?"

पार्वताबाई चुलीकडे तोंड करून काहीतरी पुटपुटली.

"काय?"

"काई नाई," ती म्हणाली. काई नाई हे तिचं नेहमीचं उत्तर होतं.

एक तारखेला अठरा दिवस होते. ताराचंदनं मिलमधली एक खूण बायकोला शिकवली. तळहात पालथा करून सावकाश खाली आणायचा. मिलमध्ये त्याचा अर्थ धान कमी सोड. "माहा आवाज चढला का असा हात कर," त्यानं बजावलं, आणि तेवढं बजावतानाच पार्वताबाईला पहिल्यांदा हात करावा लागला. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तिचा खांदा भरून आला. दुसऱ्या दिवशी तिनं डावा हात लावला.

पण सहाव्या दिवशी एक भलतंच घडलं. ताराचंद जेवताना अगदी बेतानं म्हणाला, "भाजीत मीठ कमी हाये." आणि त्याच्या कानावर आलं, "दोन पावलावर डबा हाये, हात काई मोडले नाई."

तो बघतच राहिला. "काय म्हनलीस?"

"काई नाई."

"आयकलं मी."

पार्वताबाईचा चेहरा चोरी पकडल्यासारखा झाला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तीस वर्षं ती त्याच्या एकूण एक वाक्याला उत्तर देत आली होती. तो बोलायचा, ती पुटपुटायची, आणि त्याच्या स्वतःच्या गजरात त्याला त्यातलं अक्षरही ऐकू जायचं नाही.

"तीस वर्सं बोलून राहिली तू?"

"तं का मंग! तुमाले आयकू जाये नाई, तं मले बी वाट्टेल ते म्हनता ये."

ताराचंद आधी हसला. मग त्याला हसू येईना. तीस वर्षं हिच्याशी संसार केला आणि हिचं म्हणणं काय, ते आपल्याला ठाऊक नाही, हे त्याला त्या ताटावर बसून कळलं. त्याला स्वतःची लाज वाटली. "आता मोठ्यानं बोलत जा," तो म्हणाला. "मी लहान बोलतो, तू मोठ्यानं बोल."

तिलाही ते सोपं गेलं नाही. भिंतीकडे बघत ती पहिलं वाक्य बोलली, "मिल सुटून दोन वर्सं झाली. मले रोज पहाटे चारले चहाले कायले उठवता?"

दुसऱ्या दिवशी ती सहाला उठली. चहा ताराचंदनं केला होता आणि साखर विसरला होता. तसं तिनं मोठ्यानं सांगितलं.

महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा तो अल्काच्या माहेरी, नवेगाव बांधकडे निघाला. बायको येते म्हणाली, तर म्हणाला, नको, एकट्याला जमलं पाहिजे. गोंदियाहून कोहमाऱ्यामार्गे जाणाऱ्या एसटीत त्यानं कंडक्टरकडे तिकीट मागितलं तेही कुजबुजल्यासारखं.

व्याह्यांच्या दारात त्यानं हळूच जयभीम केला आणि त्यानंतर तोंडच उघडलं नाही. भीतीच बसली होती. चुकून आवाज चढला, पोर दचकली, की संपलं. सुकराम, अल्काचा बाप, धानाचं बोलला, हा मान हलवत राहिला. तलावाच्या पाण्याचं बोलला, पुन्हा मान. अल्का वाढायला आली ती ताटात भात टाकून लगेच आत गेली. ताराचंदला वाटत होतं, आपण छान वागतोय. घरातल्या बाकीच्यांना वाटत होतं, आता काही खरं नाही. तीन घरांना ऐकू जाणारा माणूस गप्प बसलाय, म्हणजे राग पार डोक्यात गेलाय.

शेवटी चहा समोर ठेवून सुकरामच म्हणाला, "इवाई, राग आला असन तं बोलून टाका. असे चुप नका राहू."

ताराचंदनं कपाळाला हात लावला. बोललं तर राग, न बोललं तरी राग! त्या क्षणी त्याला खरोखर ओरडावंसं वाटलं. त्यानं तो आवाज चहाच्या घोटाबरोबर गिळला.

"राग नाई आला," तो हळू म्हणाला. "भेव वाटून राहिलं. तोंड उघडलं का मिल सुरू होते माही. सूनबाई, तुले काई बोलाचं असन तं बोल. आज मी आयकाले आलो. मधात बोलत नाई."

अल्का दाराशी उभी होती. यशू तिच्या खांद्यावर झोपली होती. तिनं पोरीचं टोपरं सारखं केलं. मग म्हणाली, "बाबा, तुमच्या रागाचं नाई. तुमी आयकतच नव्हते."

तिचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष लग्नामुळे राहिलं होतं. ते पूर्ण करायचं, हे तिनं त्याला तीनदा सांगितलं होतं. तिन्ही वेळा तो छपराला हादरा बसेल असं "हो हो, होईन सारं!" म्हणाला आणि पुढं तांदळाच्या भावावर गेला. ते हो होतं की नाही, तिला आजवर कळलं नव्हतं. ती बोलत गेली. पोर झाल्यावर तर कुणी विचारणारच नाही, तिकडं परत गेले की चुलीपाशीच राहीन, असं वाटत होतं, तेही तिनं सांगितलं. ताराचंदला तीनदा मध्ये बोलावंसं वाटलं. तिन्ही वेळा त्यानं ओठ घट्ट मिटले. चहावर साय धरली. सांगून झालं तेव्हा अल्काचे डोळे भरले होते, आणि त्याचेही.

"तू शिक," तो म्हणाला. "यशूले आमी पाहू. मी आन तुही सासू."

अल्का एक पाऊल पुढं आली. "काय म्हनलं बाबा? आयकू नाई आलं. जरा मोठ्यानं बोला."

असं त्याला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं सुकरामकडे पाहिलं, झोपलेल्या नातीकडे पाहिलं, घसा साफ केला आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं, थोडंसं वरच्या आवाजात. यशूनं झोपेतच आईच्या खांद्यावर मान दुसऱ्या बाजूला फिरवली.

अल्कानं तिला अलगद उतरवून त्याच्या मांडीवर ठेवलं आणि ती दवनीवाड्याला न्यायचे कपडे भरायला आत गेली.