घसा थोडा दुखेल

नर्सने गळ्याचं चित्र पुढे धरून सगळं इंग्रजीत शांतपणे समजावलं. स्वरयंत्र पूर्ण काढणार, श्वास गळ्याला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागणार, आवाज कायमचा जाणार. मग डॉ. हेमचंद्रकडे वळून म्हणाली, आता वडिलांना तुमच्या भाषेत सांगा.

"बाबा, गाठ काढणार आहेत. घसा थोडा दुखेल," हेमचंद्र म्हणाला.

मराठी भाषा एवढी आटोपशीर असते याचं त्या बाईला नवल वाटलं असेल.

"आणि हे भोक कसलं रे?" राजारामांनी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"ते दुसऱ्या पेशंटचं."

मुलाच्या शब्दावर राजारामांनी सही केली. कराडच्या एसटी स्टँडवर त्यांनी जन्मभर गाड्या पुकारल्या. त्या पगारावर शिकून हे चिरंजीव हार्ट स्पेशालिस्ट झाले आणि अमेरिकेत शुगर लँडला बंगला बांधून बसले. परक्यांना हा रोज तोंडावर सांगे, तुमचं हृदय निकामी झालंय. बापापुढे मात्र दातखीळ! रविवारी श्रीखंड चापता चापता याच्या डॉक्टर मित्रांनीही एकमुखाने ठरवलं होतं, "कॅन्सर म्हणूच नकोस यार, ओल्ड मॅन खचेल." खचणार होते हे स्वतःच. म्हाताऱ्याचं नुसतं नाव.

"अहो, निदान आवाजाचं तरी सांगा," त्याची बायको सुमेधा कुजबुजली.

"तू मध्ये पडू नकोस. डॉक्टर मी आहे."

संध्याकाळी राजाराम म्हणाले, "हेमू, तुझ्या आईशी बोलायचंय. फोन लावून दे."

"तिकडे पहाट आहे, बाबा. फोन शेजाऱ्यांकडे, त्यांना कशाला उठवायचं? ऑपरेशननंतर निवांत बोला की."

हे बोलताना त्याची जीभ झडली नाही.

ऑपरेशन उत्तम झालं. शुद्धीवर आल्यावर राजारामांनी पाणी मागितलं. ओठ हलले, आवाज फुटला नाही. तेव्हा त्यांना कळलं.

काही दिवसांनी हेमचंद्रच्या आईने, लताबाईंनी, शेजारच्या घरून हॉस्पिटलच्या खोलीत फोन केला. "त्यांना दे की जरा," त्या ओरडून बोलत होत्या, खोलीभर ऐकू येत होतं. राजाराम उशीला टेकून टक्क जागे होते.

"बाबा झोपलेत गं," हेमचंद्र म्हणाला.

राजारामांनी त्याच्या हातातून रिसीव्हर काढून घेतला आणि कानाला लावला.

"झोपू दे मग," लताबाई म्हणाल्या. "उठले की सांग, माझा फोन आला होता."

तिकडून फोन बंद झाला. रिसीव्हर परत घ्यायला हेमचंद्रने हात पुढे केला. राजारामांनी तो दिला नाही.