काचेच्या आतला अंगठा

मेकॅनिक बशीरने सोमय्याच्या जीपच्या दिव्याच्या कडा तापवून काच सोडवली. बाजारातून आणलेले हे दिवे सोमय्याच्या मुलाने, नाचप्पाने, आजारी पडण्याआधी स्वतः उघडून, रंगवून बसवले होते.

"अण्णा, तुमच्या पोरानं हवा जायचं भोकच सिलिकॉननं बुजवलंय. ओलावा बाहेर पडणार कुठून?"

"कुणाला विचारलं तर कमीपणा वाटायचा त्याला," सोमय्या म्हणाला. नाचप्पा गेल्यापासून सून हीच जीप घेऊन पहाटे मडिकेरीच्या धुक्यातून कामावर जायची, आणि या ओलावा धरलेल्या दिव्यांत तिला पुढचं वळणही नीट दिसत नव्हतं.

पुसण्यासाठी बशीरने काचेच्या आतल्या बाजूवर तोंडाची वाफ सोडली आणि तो थबकला. वाफेत एका अंगठ्याचा ठसा उमटला होता, मधोमध नाचप्पाला कॉफीची झुडपं छाटताना लागलेल्या कोयत्याची आडवी खूण. क्षणात तो विरला.

सोमय्याने काच हातात घेऊन वाफ सोडली. अंगठा परत आला.

"राहू देऊ का तसाच?" बशीरने विचारलं.

"दिवा तापला की डाग धरेल ना?"

"धरेल."

"मग दे फडकं. मीच पुसतो."

त्याने आणखी एकदा वाफ सोडली, आणि ती पूर्ण विरेपर्यंत फडकं काचेला लावलं नाही.