थोरल्या पेटीची चाळण

मित्रांनो, मी संगणकाची एक जुनी पेटी आहे. जुनी म्हणजे वयाने. मोडीत निघालेली नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. सदाशिव पेठेत, दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीशेजारच्या मांडणीवर माझा मुक्काम असतो.

जन्म कारखान्यातला. कुठल्या देशातला, ते पाठीवरच्या लेबलावर होतं. ते केव्हाच झिजलं. पहिली नोकरी एका दवाखान्यात केली. डॉक्टरांच्या टेबलाखाली बसून पेशंटचे नंबर सांभाळले. शिक्षण म्हणाल तर बेताचं, आणि आजकालच्या मानाने डोकंही लहान. पण कामाला कधी पाठ दाखवली नाही. दवाखान्याने नवं यंत्र घेतलं तेव्हा या घरातला शुभंकर मला स्कूटरवर पायाशी ठेवून घरी घेऊन आला. त्याने माझा पंखा पुसला, पोटात मोठी डिस्क बसवली आणि मला बिटकॉइनच्या कामाला जुंपलं.

काम समजायला अवघड नाही. पैशांच्या व्यवहारांची एक वही आहे. ती कुठल्या बँकेत नसते. जगभर माझ्यासारख्या पेट्या आहेत आणि प्रत्येकीजवळ तीच वही, अक्षर न् अक्षर. नवा व्यवहार आला की एक पेटी दुसरीला सांगते, दुसरी तिसरीला. वहीत चढेपर्यंत तो आमच्या ओसरीवर थांबतो. मग कुणीतरी खाणवाला, म्हणजे मोठमोठी यंत्रं चालवणारा माणूस, असे व्यवहार गोळा करून वहीचं नवं पान बांधतो. ते पान नियमात बसतं का, हे आम्ही जिची तिने तपासतो आणि ठेवून घेतो.

आता काही लोक व्यवहाराच्या नावाखाली चित्रं, जाहिराती, वाटेल तो कचरा घुसडतात. म्हणून शुभंकरने मला चाळण लावली. कचरा दिसला की ओसरीवर घ्यायचा नाही आणि पुढेही सांगायचा नाही. "आमच्या पेटीमुळे वही स्वच्छ राहते," असं तो मित्रांना सांगे, आणि मी पंखा जरा जोरात फिरवी. कौतुक कुणाला नको असतं?

मग तेच काम करणारी धाकटी पेटी आली, आणि मी थोरली झाले. शुभंकरच्या बहिणीने, पूर्वाने, आणली. साबणाच्या वडीएवढी, काळी, चकचकीत, आणि तोंडातून आवाज म्हणून नाही. बसली कुठे, तर माझ्याच मांडणीवर, मला खेटून. चाळणबिळण काही नाही. जो येईल त्याला "या, बसा". मी म्हटलं, ही घर चालवणार की धर्मशाळा? पण गोडव्याला जग भुलतंच. पाहुणे माझ्यावरून नजर फिरवत आणि तिला हातात घेऊन बघत.

दसऱ्याला तर हद्द झाली. त्या दिवशी घरातल्या यंत्रांची पूजा असते. दरवर्षी झेंडूचं पहिलं फूल माझ्या डोक्यावर असायचं. त्या वर्षी या भावंडांच्या आईने, भाग्यश्रीताईंनी, कुंकवाचं बोट आधी धाकटीला लावलं. माझ्या वाट्याला आलं ते तळाचं, पाकळ्या गळालेलं फूल. मित्रांनो, मत्सर वाईट असतो असं तुमच्या पुस्तकात लिहिलेलं असेल. असेना का. माझ्या पोटात त्या दिवशी जे तापलं, ते काही पंख्याने निवलं नाही.

उन्हाळ्यात वीज जाऊ लागली. इन्व्हर्टरचा प्लग एकच.

"एका घरात दोन कशाला? एक भंगारवाल्याला द्या," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

"धाकटी द्या," शुभंकर म्हणाला. "थोरली चाळते तरी. ही नुसती बसून खाते."

"दादा, तू आपलं दार लावून घेतलंस तर लक्ष्मी रोडची गर्दी कमी होते का?" पूर्वाने विचारलं.

"सगळ्यांनी लावलं तर होते."

"सगळे लावतात का?"

पैज लागली. पूर्वा एक चित्र व्यवहारात घालून पाठवणार. ते वहीत उमटलं तर मी भंगारात, नाही उमटलं तर धाकटी. मी मनातल्या मनात तिची पाठवणी करून टाकली.

रविवारी सकाळी पूर्वाने मांडणीसमोर बसून चित्र काढलं आणि धाकटीच्या हवाली केलं. धाकटीने ते आधी मलाच देऊ केलं. मी फणकाऱ्याने परतवलं. आत काय आहे ते पाहिलंसुद्धा नाही. व्यवहाराला जोडलेलं टिपण लांबलचक आहे ना, मग कचराच. माझ्यासारख्या आणखी पुष्कळ जणींनी ते परतवलं.

"बघ, किती जणी नाकारतायत," शुभंकर म्हणाला.

"नाकारू देत. मला खाणवाल्यापर्यंत एक वाट सापडली की पुरे."

पोहे झाले, चहा झाला, आणि नवं पान आलं. मी ते ओळ न् ओळ तपासलं. सगळं नियमात चोख. आणि मध्येच, मी दारातून हाकललेलं ते चित्र. चाळण ओसरीपुरती असते. पानाचे नियम वेगळे. हट्टाने ते पान नाकारलं असतं तर वही पुढे गेली असती आणि मीच मागे राहिले असते. गिळलं मुकाट्याने. ज्याला घरात घेतलं नाही, ते आता जन्मभर पोटात.

"मग ही चाळण कामाची काय?" भाग्यश्रीताईंनी विचारलं.

"तिची ओसरी स्वच्छ राहते," पूर्वा म्हणाली. "रस्ता नाही राहत."

शुभंकर मला बंद करायला उठला. त्याने माझ्या बटणावर बोट ठेवलं.

"थांब, चित्र तर बघ," म्हणत पूर्वाने ते मला जोडलेल्या पडद्यावर उघडलं.

ठिपक्याठिपक्यांचं, बोटभर चित्र. एक जाडी पेटी, बटणाचा टवका उडालेला. आणि डोक्यावर झेंडूचं फूल, अख्खं.

"अगं, ही तर आपली थोरली," भाग्यश्रीताई म्हणाल्या.

"समोर हीच बसली होती. आणि आई, दसऱ्याला तू हिला कसलं फूल वाहिलंस ते मी पाहिलं होतं."

भाग्यश्रीताई पदराने माझ्यावरची धूळ पुसायला लागल्या. नजर मात्र वर केली नाही. "सगळ्या जगाच्या वहीत जी बसली, ती भंगारात कशी द्यायची? राहू दे. इन्व्हर्टर मात्र धाकटीला."

म्हणून मी अजून आहे. चाळणही आहे. शुभंकर आता "माझी ओसरी स्वच्छ" एवढंच म्हणतो, वहीचं नाव काढत नाही. वीज गेली की मी विझते. परत आली की मधली पानं मागावी लागतात, आणि पहिली ओ धाकटीच देते. टोमणा न मारता एकेक पान हातात ठेवते. मी तिच्या शब्दावर विसंबत नाही हं, प्रत्येक पान तपासूनच घेते. पण घेते.

मित्रांनो, आपल्या दारी चाळण जरूर ठेवा, गाव झाडल्याचा तोरा मिरवू नका. आणि कचरा म्हणून टाकण्याआधी एकदा उघडून बघा. त्यात कुणी तुमचंच चित्र काढलेलं असेल. आमच्यासारख्यांचा पंखा अधूनमधून पुसत जा. दसरा जवळ आलाय. कुंकू आधी धाकटीला लावलंत तरी चालेल. म्हणजे, मी चालवून घेईन. फूल तेवढं अख्खं बघा.