घरातल्या माणसाला घरी आणायचं

"उचला त्यांना! या बाईचं काही ऐकू नका!" दादा अँब्युलन्सवाल्यांवर ओरडला.

"हात लावून बघ," मी म्हटलं.

"तू गप रे पो-येन. शाळा धड झाली नाही, आणि मला शिकवतोस?"

"शाळा सोडली म्हणूनच घरी होतो ना! चार महिने बाबांचं हगणं-मुतणं मी काढलंय. तू तैपेईहून नुसते फोन केलेस. आज नऊला उगवलास आणि साडेनऊला अँब्युलन्स?"

बाबा मधल्या खोलीत, देवांसमोर, बांबूच्या पलंगावर. दार सताड उघडं. त्यांनाच तसं हवं होतं. समोरच्या शेडमध्ये बायका सुऱ्यांनी कालवांचे शिंपले फोडतात, तो आवाज त्यांना ऐकायचा असतो. लिव्हर संपलंय. नळ्या नकोत, हॉस्पिटल नको, असं त्यांनी लिएन-मावशीला कागदावर लिहायला लावलं आणि खाली सही केली. लिएन-मावशी आमच्या नात्यातली नाही. मरणाऱ्या माणसाच्या आणि घरच्यांच्या सोबतीला येऊन बसते, ते तिचं काम. ओठ कसे ओले करायचे, कूस कशी बदलायची, श्वास मधेच थांबला तर घाबरायचं नाही, सगळं तिनंच मला शिकवलं. आणि दादा तिला आल्या आल्या यमाची दलाल म्हणाला.

"यमाला दलाल कशाला लागतोय रे," ती म्हणाली, "त्याला सगळ्यांचे पत्ते पाठ आहेत."

दादानं तो कागद चुरगळून टाकला होता. "घरी मरू देणार नाही असं कुठे म्हणतोय मी? उपचार करू. अगदी शेवट आला की आणू परत. शेवटचा श्वास घरात सुटावा म्हणून सगळे तसंच आणतात. तोंडावर श्वासाची पिशवी लावून, ती दाबत हवा भरत भरत आणायचं, घरात आलं की काढायची. गेले ते घरीच गेले."

"अरे, ते आत्ता घरीच आहेत! घरातल्या माणसाला घरी आणायला बाहेर न्यायचं? डोकं फिरलंय का तुझं?"

"उद्या गाव म्हणेल, थोरल्यानं बापासाठी काही केलं नाही!"

आलं का बाहेर! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली. मी स्ट्रेचर दोन्ही हातांनी धरून ठेवलं. अँब्युलन्सवाला वैतागला, "पोरांनो, आधी तुमचं काय ते ठरवा."

लिएन-मावशी आवाज न चढवता म्हणाली, "चंग-हान, न्यायचं तर ने. पण त्यांना सगळं ऐकू येतंय. कुठे नेतोस ते तूच त्यांना सांग."

दादा वाकला. "बाबा, मी आलोय. चंग-हान."

बाबांनी डोळे उघडले. त्याच्याकडे बघितलं. मग ओठ हलले. "जेवलास?"

हॉस्पिटलचं नाव दादाच्या तोंडून निघालंच नाही. हातानंच त्यानं त्या लोकांना जा म्हणून सांगितलं.

मी जिंकलो, तरी माझंच डोकं जास्त तापलं. चार महिन्यांत मला एकदाही विचारलं नाही त्यांनी, जेवलास का म्हणून. मला काय, "पेज गरम आहे" आणि "हळू, गाढवा".

"आता तू," मावशी म्हणाली. "आभार, माफी, माया, निरोप. चारही बोल त्यांच्याशी."

माफी कशाची ते मला पक्कं माहितीये. मला शाळेतून काढू नका म्हणून बाबा वर्गाच्या दारात मुख्याध्यापकांसमोर वाकून उभे होते, आणि मी सगळ्या वर्गादेखत ओरडलो, "जा इथून, कालवांचा वास येतोय तुमच्या अंगाला!" दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत गेलो नाही. त्यावर आम्ही कधीच बोललो नाही.

मला बोलता येईना. "मग लिही आणि वाचून दाखव," म्हणत तिनं तोच चुरगळलेला कागद माझ्या हातात कोंबला. सहीच्या मागची बाजू कोरी होती. पायरीवर बसून माफी लिहायला घेतली, तर हे सगळं भांडणच कागदावर उतरलं.

आत दादा रडतोय, तेही नीट येत नाही त्याला. शेडमधल्या बायकांच्या सुऱ्या थांबल्यात. मावशी हाक मारतेय, "पो-येन, लवकर!" मला आता जायला हवं.